उभी बहीण, बसलेली बहीण

१

माझा भाऊ अँब्रोज माणसांचे चेहरे रंगवायचा आणि मी त्यांचे कपडे. बाथ शहरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. चित्राखाली सही त्याचीच असे. माझा नवरा कापडवाला होता. तो गेला, मागोमाग दुकान गेलं, पण बोटांना कापड कळायचं ते राहिलं, आणि त्यावर माझं पोट चाललं.

गिऱ्हाईक चेहऱ्यापुरतं तीन-चार वेळा येऊन बसे आणि झगा आमच्याकडे ठेवून जाई. तो झगा आम्ही लाकडी पुतळीवर चढवत असू. पुतळी माणसाएवढी. तिच्या गुडघ्यांत, कोपरांत, बोटांत सांधे असतात, वळवाल तशी ती वळते. तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. माणूस श्वास घेतो, शिंकतो, कंटाळतो, आणि रेशमाची चुणी मोडते. लाकडाला यातलं काही येत नाही, म्हणून तर ते पाळायचं. अँब्रोज तिला "आपली न जेवणारी पाहुणी" म्हणायचा.

१७८६ च्या जानेवारीत गाणं शिकवणारे टॅरंटमास्तर दोन हमालांकडून एक मोठं चित्र उचलून घेऊन आले. ते आमचंच होतं, आठ वर्षांपूर्वीचं. मास्तरांच्या दोन मुली. थोरली सेसिली समुद्री हिरव्या झग्यात उभी, तिचा डावा हात धाकटीच्या खांद्यावर. धाकटी टॅम्सिन विटकरी झग्यात बसलेली, मांडीवर गाण्याची वही. दोघींना मास्तरांनी आठव्या वर्षापासून जलशांत उभं केलं होतं. सेसिली वरच्या पट्टीत गायची, टॅम्सिन खालच्या. खालच्या आवाजाला कुणी टाळ्या देत नाही, पण तो काढून घेतला की वरचा उघडा पडतो. इथे मात्र वरचाच गेला होता. सेसिली छातीच्या दुखण्याने अडीच वर्षांपूर्वी वारली, बावीस वर्षांची.

"केस बदलायचेत," मास्तर म्हणाले. "हे डोक्यावरचे मनोरे आता कोण बांधतं? फेब्रुवारीत टॅम्सिनचा जलसा आहे. चित्र तिथे मागे टांगायचंय, मग त्याचे छाप काढून विकायचेत. जुनाट दिसून चालणार नाही."

"दोघींचे?" अँब्रोजने विचारलं.

"मग काय एकीचे?"

अँब्रोजने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मास्तरांचं बरोबर आहे. एका चित्रात दोन सालांचे केस शोभत नाहीत. बाह्याही बदलायला हव्यात, असल्या झालरी आता मोलकरणी घालतात."

हे मी बोलले. मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

२

चार दिवसांनी टॅम्सिन एकटीच आली. तिला मी लहानपणापासून ओळखत होते. बुटकी, रुंद खांद्यांची, हसली की नाक चुरगळणारी. ईस्टरनंतर तिचं लग्न ठरलं होतं, फ्रोम गावच्या औषधवाल्याशी, नॅथनेल कोलशी. बापाने अट घातली होती की जाण्याआधी एक शेवटचा जलसा करायचा. मग ती सुटणार होती.

"गाणं सोडणार म्हणे तू," मी म्हटलं.

"सोडणार नाही, पेलबाई, फेकणार. कोलला सूर ओ का ठो कळत नाही. मी गायले की तो म्हणतो, छान झालं, आता जेवू या. त्याच दिवशी मी त्याला हो म्हटलं."

मी हसले. तीही हसली, आणि मग चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"एक मागायला आलेय. माझे केस हवे तसे करा. तिचे राहू द्या."

"का गं?"

"ती गेली तेव्हाच हे केस जुने होत चालले होते. आता दरवर्षी ती आणखी जुनी दिसते. कुणाच्या तरी आत्यासारखी. मला बरं वाटतं त्याने. वाईट आहे ना हे बोलणं?"

"वाईट काय त्यात. गेलेल्या माणसाने जरा लांब जावंच."

"तेच म्हणतेय मी. यंदा मी तिच्याएवढी झाले. तुम्ही तिला यंदाचे केस, यंदाच्या बाह्या दिल्यात, तर ती पुन्हा माझ्या शेजारी येईल. आणि शेजारी आली की पुढे जाणार. ती कायम पुढेच असायची. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, तुला गायचंच नाहीये ना, मग तुझी छाती मला दे. थट्टा होती. आम्ही दोघी हसलो. हसताना तिला खोकला आला, तो थांबेना."

मला तिची दया आली, खरंच आली. पण मी काय म्हटलं? म्हटलं, "पोरी, दुःखात असं काही मनावर घेऊ नकोस. एकीच्या डोक्यावर मनोरा आणि दुसरीच्या खांद्यावर बटा, असं चित्र बाहेर गेलं तर लोक अँब्रोजला हसणार नाहीत. कपड्याकेसांचं कोण बघतं हे गावाला ठाऊक आहे. लोक मला हसतील."

तिने वाद घातला नाही. आयुष्यभर खालच्या पट्टीत गायलेली मुलगी होती ती.

३

आमची जुनी पुतळी किडीने खाल्ली होती, म्हणून लंडनच्या एका रंगवाल्याकडून महिन्याभराच्या भाड्याने नवी मागवली. नासपतीच्या लाकडाची, सुंदर काम. मास्तरांनी पेटीतून सेसिलीचा खरा हिरवा झगा पाठवला होता. मी त्याच्या बाह्या उसवून नव्या धर्तीच्या केल्या, पुतळीला चढवला आणि पाठीची नाडी ओढून बांधली. लाकडाची कंबर जरा जाड होती. पाठीवर दोन बोटांची फट राहिली, ती चित्रात दिसणार नव्हती.

टॅम्सिन खुर्चीत बसायची, पुतळी तिच्यामागे उभी, लाकडी हात तिच्या खांद्यावर. अँब्रोजची पद्धत अशी की भर दुपारी खिडक्यांच्या झडपा लावायच्या आणि दोन मेणबत्त्यांच्या उजेडात काम करायचं. उजेडात नुसते तपशील दिसतात, आकार अंधारात कळतो, असं त्याचं म्हणणं. मलाही तीच सवय होती.

"हात जड आहे हो हिचा," टॅम्सिन म्हणायची.

"लाकूड आहे, जड असणारच."

"काल इतका नव्हता."

अँब्रोजने आठवड्यात दोघींचे केस उरकले. कपाळावर भुरभुर, मानेवर सैल बटा. चेहऱ्याला त्याने हात लावला नाही. फक्त टॅम्सिनची हनुवटी किंचित भरली. पण केस खाली आले आणि सेसिली एकदम बावीस वर्षांची दिसू लागली. आठ वर्षांपूर्वी ती सतरा वर्षांची असताना हाच चेहरा काढला होता. मी अँब्रोजला तसं म्हटलं. तो म्हणाला, "केसांनी माणूस बदलतं, डॉर्कस. म्हणून तर न्हाव्यांची घरं चालतात."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

बाह्या मी करत होते. तिसऱ्या सकाळी पाहिलं तर आदल्या दिवशी काढलेली चुणी पुतळीच्या छातीवर नव्हती, दोन अंगुळं खाली सरकली होती. मी नाडी तपासली. पाठीवरची दोन बोटांची फट मिटली होती. झग्याच्या कडा एकमेकींना भिडल्या होत्या.

बाथच्या हवेत वाफ असते. गरम झऱ्यांमुळे घरात मीठसुद्धा ओलं होतं. रेशीम ओलाव्याने ताणतं, दोरी आखडते. माझा जन्म कापडात गेला, मला हे कुणी शिकवायला नको. मी नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा दोन बोटांची फट ठेवली आणि तिथे खडूची खूण केली.

दुसऱ्या सकाळी खडूच्या दोन रेघा एकावर एक आल्या होत्या.

४

मग आवाजाचं सुरू झालं. टॅम्सिनला बसल्या बसल्या गुणगुणायची सवय होती. तिची नेहमीची खालची पट्टी, दोघींच्या जुन्या गाण्यातली. नुसती खालची पट्टी ऐकायला मजा नसते. नवरी नसलेल्या वरातीसारखी ती चालत राहते. मी ब्रश फिरवत ऐकायची, आणि केव्हातरी माझ्या लक्षात यायचं की मी पूर्ण गाणं ऐकतेय. वरच्या ओळीसकट.

मनच ते, सवयीने भर घालतं. ते गाणं मी दोघींच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं होतं. असंच असणार, असं मी ठरवलं. पण एकदा टॅम्सिन मध्येच थांबली, आणि वरचा सूर आणखी अर्धा क्षण राहिला.

टॅम्सिन मागे वळली नाही. तिने हळूच विचारलं, "पेलबाई, रस्त्यावर कोणी गातंय का?"

"असेल कुणी," मी म्हटलं.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, झडपा बंद. त्यानंतर ती गुणगुणली नाही.

त्या संध्याकाळी ब्रश धुऊन मी पुतळीवर चादर टाकायला गेले. हिरव्या रेशमावर काखेखाली गडद डाग होता. वापरलेल्या झग्याला तिथे डाग असतातच. धुतले तरी ओल्या हवेत जुना घाम वर येतो, आणि ज्या बाईचा झगा होता तिला शेवटी फार घाम यायचा. मी बोट लावलं. डाग ओला होता. ओला आणि कोमट.

मी चादर न टाकताच खाली गेले. जेवताना अँब्रोजने दोनदा विचारलं काय झालं, मी म्हटलं दात दुखतोय.

५

जलसा शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी लंडनला माल नेणारी घोड्यांची गाडी निघणार होती आणि पुतळी त्या गाडीने परत जायची होती; पेटी जिन्याखाली तयार होती. माझी एकच बाही राहिली होती, टॅम्सिनच्या खांद्यावर हात असलेली. आणि त्या पुतळीला मला पुन्हा नाडी बांधायची नव्हती.

म्हणून मी उपाय काढला. अँब्रोज पायाच्या दुखण्याने खाली पडून होता, विचारायला कुणी नव्हतं. गुरुवारी टॅम्सिन आल्यावर मी म्हटलं, "आज तू उभी राहा. हिरवा झगा तू घाल, अंगावर कापड जिवंत बसतं. तुझा विटकरी पुतळीला घालू आणि तिला बसवू. एका तासाचं काम."

"मी तिचा झगा घालू?"

"एक तास. मग जलसा, मग ईस्टर, मग तू आणि तुझा बहिरा औषधवाला."

ती हसली. नाक चुरगळलं. ते मी शेवटचं पाहिलं.

हिरवा झगा तिला होईल असं मला वाटलं नव्हतं, सेसिली उंच आणि सडपातळ होती. पण तो बसला. नाडी ओढायलाही लागली नाही. मी विटकरी झगा पुतळीला घातला, खुर्चीत बसवलं, वही मांडीवर ठेवली. टॅम्सिनने लाकडी खांद्यावर हात ठेवला. मी झडपा लावल्या.

इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. बाही आपोआप उतरत होती. कोपरातली ती सावली, मनगटाजवळचा तो पांढरा चमकारा, सगळं पहिल्याच फटकाऱ्यात. मी कॅनव्हासवरून डोळे काढत नव्हते. गाणं केव्हा सुरू झालं ते मला कळलं नाही. वरची पट्टी उंच आणि स्वच्छ, उभ्या बाजूने येत होती. खालची खुर्चीकडून.

खालची पट्टी बरोबर नव्हती. ती अडखळत होती, शब्द जोडता येत नसल्यासारखी. सुरात हाक मारल्यासारखी. ती माझ्या नावाची हाक होती असं मी म्हणणार नाही. मी वर बघितलं नाही, हे मात्र खरं. बाही संपायला बोटभर जागा राहिली होती आणि मला ती संपवायची होती.

संपवली. मग मी उठून झडप उघडली.

उभी असलेली बाई उजेडाकडे तोंड करून हसली. टॅम्सिनचेच डोळे, टॅम्सिनचेच ओठ, पण नाक चुरगळलं नाही. तिने खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. नव्या विहिरीचं पाणी चाखावं तसा.

"झालं?" ती म्हणाली. "किती उभी राहिले मी. ती नेहमी बसून असायची."

"कोण?" मी विचारलं.

तिने हिरव्या झग्यावरच टॅम्सिनचा अंगरखा घातला आणि हातमोजे चढवले. मास्तर तिला न्यायला आले होते, जिन्याच्या तोंडाशी उभे. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील. माझी तशी फार इच्छा होती. पण मास्तरांचे डोळे भरून आले, आणि लग्नात नेतात तसं त्यांनी तिला हाताला धरून सावकाश खाली नेलं.

६

खालून अँब्रोज ओरडत होता, "डॉर्कस, हमाल आलेत. आवर लवकर."

मी खुर्चीजवळ गेले. तोंडाच्या जागी तोच गुळगुळीत गोळा होता. मी झगा काढायला पाठीमागे हात घातला. विटकरी रेशीम काखेखाली ओलं होतं. मी नाडीचा पहिला वेढा सोडला आणि आतलं लाकूड माझ्या बोटांखाली फुगलं. मग बसलं. मग पुन्हा फुगलं. लहान, भराभर, घाबरलेलं.

मी नाडी पुन्हा बांधली. झगा काढला नाही.

हमालांनी पेटी वर आणली. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "येताना ही हलकी होती, बाई." मी म्हटलं, ओलाव्याने लाकूड फुगतं. आम्ही तिघांनी तिला पेंढ्यात आडवं केलं. सांधे वाजले नाहीत. गुडघे दुमडताना एक हात वर आला आणि माझ्या मनगटाला लागला. नुसता लागला, धरलं वगैरे नाही. हमालाच्या धक्क्याने झालं असेल.

खिळे मी ठोकले. हमाल ठोकणार होते, मी हातोडी मागून घेतली. ठोकण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि मला तोच आवाज हवा होता.

७

शुक्रवारच्या जलशाची आठवण बाथमधले लोक अजून काढतात. मी गेले नाही. टॅरंटांच्या धाकटीने वरची पट्टी लावली आणि सभागृहात सुई पडली तर ऐकू येईल असं झालं, असं अँब्रोजला लोकांनी सांगितलं. चित्र मागे टांगलं होतं. छाप काढणारा कारागीर म्हणाला, इंग्लंडात अशी बाही कुणी काढली नसेल.

शनिवारी सकाळी नऊला दारात घोडा थांबला. नॅथनेल कोल आत आला. हातात टोपी, मोठे लाल हात, रात्रभर न झोपलेला. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"तुम्ही कपडे करता तिचे, पेलबाई. गुरुवारी ती तुमच्याकडे होती."

"होती."

"मला सूर कळत नाही. सगळे हसतात मला, हसू द्या. काल गाणं संपल्यावर मी तिला भेटायला गेलो. तिने मला ओळखलं. म्हणाली, ते खोकल्याचं सरबत आणायचा तो तुम्हीच ना? सरबत मी सेसिलीसाठी आणायचो. टॅम्सिनला माझ्यादेखत साधं पडसंही झालेलं नाही."

"दमली असेल. जलशाचे श्रम असतात."

"लग्न होणार नाही म्हणाली. हसत म्हणाली. पेलबाई, मी दिवसभर आजारी माणसं बघतो. माणूस बदलतं ते मला कळतं आणि माणूसच दुसरं असतं तेही कळतं. मला वेडा म्हणा, पण सांगा. ती कुठे आहे?"

मालाची गाडी बैलाच्या चालीने जाते. गुरुवारी दुपारी निघालेली गाडी शनिवारी सकाळी फार तर लंडनच्या वाटेवरच्या मार्लबरोला. दारात त्याचा घोडा होता, तरणा, अजून न दमलेला. दुपारपर्यंत त्याने गाडी गाठली असती. औषधवाला माणूस, त्याने पेटी फोडली असती, मग छातीवर कान ठेवला असता. तो हसला नसता, याची मला खात्री होती.

बोलायला माझं तोंड उघडलं होतं. पण बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? नाडीची फट मला माहीत होती, घाम माहीत होता, आणि तरी तो झगा मीच तिला घातला. गाणं ऐकू येत असताना मी बोटभर बाहीसाठी मान वर केली नाही. खिळेही माझेच. कोल माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता की मला त्याचा राग आला.

"टॅम्सिन तिच्या बापाच्या घरी आहे," मी म्हटलं. "मुलींची मनं फिरतात, मिस्टर कोल. दुसरं मला काही माहीत नाही."

त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग माफ करा म्हणाला. मला माफ करा म्हणाला, आणि जिना उतरला. मी खिडकीशी गेले. नाक्यावर तो थांबला, दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. एकदा मी झडपेला हातही लावला. मग त्याने लगाम ओढला आणि घोडा फ्रोमच्या रस्त्याला लागला.